पाठ टेकणं म्हणजे झोप नव्हे

स्टामातिस हे नाव आमच्या ग्रीकमधल्या 'थांब' या शब्दावरून आलंय, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. बस चालवणाऱ्याचं असं नाव म्हटल्यावर गावाने थट्टा केली नसती तरच नवल. "थांब्या आला रे" म्हणत लोक सव्वीस वर्षं त्याच्या गाडीत चढले. नाव आजोबांचं होतं, त्याला तो काय करणार? आणि खरं सांगायचं तर गाडी त्याने नेहमी जागच्या जागी थांबवली. थांबत नव्हतं ते त्याचं डोकं, आणि तेही फक्त गादीवर पडल्यावर.

वय बावन्न, खांदे रुंद, मिशी अजून काळी. आमचं कास्तानोरेमा गाव ते खालचं खाल्किदा शहर, हा घाट त्याला घरच्या जिन्यासारखा पाठ होता. सकाळी साडेसहाला पोरं आणि कामकरी घेऊन खाली उतरायचं, दुपारी सव्वादोनला वर यायचं, सहाला पुन्हा खाली, साडेआठपर्यंत परत. कोणाच्या सुनेला गाडी लागते, कोणती दोन भावंडं एका बाकावर बसत नाहीत, कोणती म्हातारी उतरताना उलट्या पायाने उतरते, सगळं त्याला माहीत. सव्वीस वर्षांत त्याच्या गाडीखाली कोंबडीसुद्धा आली नव्हती. हे गावात दुसरं कोणी सांगायच्या आत तो स्वतःच सांगायचा.

मग त्याची झोप गेली. कारण विचाराल तर सांगण्यासारखं काहीही नाही. कोणी मेलं नाही, कोणी घर सोडून गेलं नाही. दोन हिवाळ्यांपूर्वी त्याला खोकला झाला आणि आठ रात्री तो खोकत जागला. नवव्या दिवशी खोकला गेला, जागरण मात्र राहिलं.

मग सुरू झाले उपाय. स्टामातिस हा उपाय करणारा माणूस. गाडीत खट् झालं तरी बॉनेट उघडून बसणारा. तो नऊ वाजताच अंथरुणात शिरू लागला, म्हणजे झोपेला यायला भरपूर वेळ मिळावा. कॅमोमाइलच्या फुलांचा काढा झाला, मध घातलेलं दूध झालं, उश्या बदलून झाल्या. भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा म्हणतात. याच्याकडे उश्या पाच झाल्या आणि नीज कुठेच नव्हती. त्याची बायको एवान्थिया दृष्ट काढण्यात गावात पहिल्या नंबरची. पाण्याच्या वाटीत तेलाचे थेंब सोडून ती पुटपुटू लागली की तिला जांभयांवर जांभया येत, आणि काढणारीला जांभया आल्या म्हणजे दृष्ट लागलेलीच होती हे नक्की. अशी ती रोज जांभया देत देत दृष्ट काढायची, जांभया देत देत अंथरुणात शिरायची आणि दोन मिनिटांत घोरू लागायची. स्टामातिस वाटीतल्या तेलाकडे बघत बसायचा.

"दृष्ट माझी काढतेस आणि झोप तुला लागते," तो सकाळी म्हणायचा.

"मग तू माझी काढ. तुला लागेल," एवान्थिया म्हणायची.

उशाशी हिरव्या आकड्यांचं घड्याळ होतं. अकरा वाजले. आत्ता लागली तर साडेसहा तास. पाऊण वाजला. आत्ता लागली तर पावणेपाच. तीन. अडीच तासही काही वाईट नाहीत, पण आत्ताच्या आत्ता लागायला हवी. पाय गरम होत, तो ते पांघरुणाबाहेर काढी. गार पडत, आत घेई. कूस बदलली की पलंग करकरे, आणि एवान्थिया झोपेतच "मेल्या" म्हणे. मग तो न हलता पडून राही, आणि न हलण्याइतकं थकवणारं दुसरं काही नाही. पाचला डोळा लागे, साडेपाचला गजर होई. आणि दिवसभर एकच विचार डोक्यात भुणभुणत असे: आजही झोपलो नाही तर उद्या मी माणसं मारणार.

हा विचार काही उगीच नव्हता. फेब्रुवारीतली सकाळ, अजून नीट उजाडलं नव्हतं. गाडीत अकरा माणसं, त्यांतली आठ शाळेची पोरं, सगळी पेंगलेली. पहिल्या बाकावर गारिफल्यामावशी. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, काळ्या कपड्यातली, कमी बोलणारी बाई. डोळे तपासायला चालली होती. तिसऱ्या वळणावर दरीच्या कडेला पत्र्याचा छोटा देव्हारा आहे, तो तिच्याच नवऱ्याच्या आठवणीचा. तीस वर्षांपूर्वी तो ट्रक घेऊन तिथून खाली गेला. तेव्हापासून ती तिथल्या दिव्यात तेल घालते.

स्टामातिसला तो देव्हारा दिसला, आणि मग दिसला नाही. मध्ये किती वेळ गेला त्याला कळलं नाही. एकदम कानाशी मावशीचा आवाज आला.

"स्टामाती, दिवा विझलाय का रे तिथला?"

त्याने डोळे उघडले. समोर रस्ता नव्हता, नुसतं आभाळ होतं. त्याने स्टेअरिंग ओढलं, चाकाखालची खडी दरीत घरंगळल्याचा आवाज आला आणि गाडी पुन्हा डांबरावर आली. मागे एका पोराचं दप्तर पडलं, एवढंच.

"बघितलं नाही, मावशी," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

"बरं," मावशी म्हणाली.

म्हातारीला काही कळलं नाही, तिचं लक्ष दिव्याकडे होतं, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. एवान्थियालाही सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवशी मावशी पुन्हा बसमध्ये, पहिल्याच बाकावर. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मग चारही फेऱ्यांना. आणि जी बाई वर्षानुवर्षं हं-हूं पलीकडे बोलत नव्हती तिच्या तोंडाची जी टकळी सुरू झाली, ती थांबेना. बकरीच्या पोटदुखीपासून सुरुवात, मग मुलीच्या सासूचा चिक्कूपणा, मग पन्नास वर्षांपूर्वी कोणाच्या लग्नात मटण कमी पडलं ते, आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटी प्रश्न. "मग तू काय केलं असतंस, स्टामाती? ऐकतोयस ना? सांग की." उत्तर दिल्याशिवाय सुटका नाही.

"मावशी, रोज खाली काय काम काढता?" त्याने एकदा वैतागून विचारलं.

"सुई घ्यायची होती."

"काल पण सुईच होती."

"काल दोरा होता."

गाडीतले लोक हसायचे. म्हातारी भ्रमिष्ट झाली म्हणायचे, आणि तोही हसून मान डोलवायचा. स्टामातिसला तर वाटे, भीक नको पण कुत्रं आवर. आधीच रात्रभर डोक्यात कलकल, त्यात दिवसा ही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मावशीचा घसा बसला. बसली पहिल्याच बाकावर, पण तोंडातून शब्द फुटेना. नुसती त्याच्या पाठीकडे बघत राहिली. खाल्किदात शिरताना सिग्नलला गाडी उभी राहिली, आणि मागून हॉर्नचा कल्ला झाला तेव्हा त्याला कळलं की सिग्नल हिरवा होऊन पुन्हा लाल झालाय. घाटात असतो तर? त्याने गाडी डेपोत लावली, ऑफिसात गेला आणि किल्ल्या पोलिख्रोनिससाहेबाच्या टेबलावर ठेवल्या.

"मला गाडीवर बसवू नका. मी चालवता चालवता झोपतो."

पोलिख्रोनिस तीस वर्षं ड्रायव्हरांची कारणं ऐकत आलेला माणूस, पण हे कारण कोणी आपणहून सांगितलं नव्हतं. त्याने किल्ल्या हळूच आपल्याकडे ओढल्या.

"पंधरा जूनला उन्हाळी वेळापत्रक लागतं," तो म्हणाला. "तोवर तू वर्कशॉपमध्ये. पंधरा जूनला मला त्या घाटाला कायमचा माणूस लागणार. तो तू असलास तर मला बरं वाटेल. नसलास तर तुला गाडी परत देणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो."

कंपनीच्या डॉक्टरने गोळ्या द्यायला साफ नकार दिला. "गोळी घेऊन सकाळी साडेसहाला घाट उतरणार? ते पाप माझ्या माथी नको," म्हणाला आणि एका कागदावर नाव लिहून दिलं. मिर्सिनी, मानसोपचारतज्ज्ञ, पुलाजवळ, दुसरा मजला.

"मला वेड लागलेलं नाही," स्टामातिस म्हणाला.

"झोप गेली तरी तिच्याकडेच जातात," डॉक्टर म्हणाला.

गावात त्याने दातांच्या डॉक्टरकडे जातोय म्हणून सांगितलं.

मिर्सिनी पस्तिशीची, स्टुटगार्टला कामाला गेलेल्या आईबापांची पोर. चार वर्षांपूर्वी परत आलेली. बोलणं आपलंच, पण घाई तिकडची. तिच्या खिडकीतून पूल दिसे आणि पुलाखालचं वेडं पाणी, जे दिवसातून चार वेळा दिशा बदलतं. स्टामातिसला ते बघवेना. तो खिडकीकडे पाठ करून बसला. ती बालपणाबद्दल विचारेल अशी तयारी करून तो आला होता, आणि तिने विचारलं अंथरुणाबद्दल.

"किती वाजता आडवे होता? किती वाजता उठता? त्यातला किती वेळ खरंच झोपता?"

"नऊला पडतो. साडेपाचला उठतो. झोप दोन तास. फार तर तीन."

"म्हणजे साडेआठ तासांतले सहा तास तुम्ही गादीवर झोपेशी भांडता. रोज. दोन वर्षं. आता गादी दिसली की तुमचं अंग भांडणाच्या तयारीला लागतं, यात त्याची काय चूक?"

हे त्याला पटलं, पण तसं दाखवलं नाही.

"दिवसा झोपता?"

"नाही." अगदी सरळ तोंडाने.

"अजिबात?"

"बाई, मी कामाचा माणूस आहे."

तिने त्याला चौकटी आखलेला कागद दिला. रोज सकाळी भरायचा: कधी पडलो, कधी लागली, कधी उठलो, दिवसा किती झोपलो. घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवायचं. रात्री साडेबाराच्या आत गादीवर जायचं नाही, कितीही जांभया आल्या तरी. उठायचं साडेपाचलाच, झोप लागो न लागो. आणि मध्ये जाग आली, बराच वेळ तळमळ झाली, तर उठून दुसऱ्या खोलीत जायचं. झोप डोळ्यांवर आली तरच परत.

"झोप येत नाही म्हणून आलो, आणि तुम्ही झोपायची वेळच कापता?"

"काही आठवडे. अंगाला झोपेची भूक लागू दे. मग वेळ थोडाथोडा वाढवू. पण या दिवसांत स्टेअरिंगला हात लावायचा नाही. अजून थकाल, आधीच सांगते."

थकला. तीन आठवडे त्याने इमानेइतबारे कागद भरला, आणि फरक शून्य. साडेबाराला पडायचा, चारपर्यंत स्वयंपाकघरातल्या खुर्चीत. एवान्थियाला तर हा काय प्रकार तेच कळेना. "नवरा गादीवर नको म्हणणारी बाई पहिल्यांदाच बघितली," ती म्हणाली. "आणि तिला आपण पैसे देतो."

मिर्सिनीही कागद उलटासुलटा करून बघू लागली. इतकं कमी झोपणारा माणूस एव्हाना बसल्या जागी कोसळायला हवा होता. हा मात्र दर भेटीला आपल्या पायांनी चालत येई. भेट सकाळी अकराची असे, आणि तेव्हा त्याचे डोळे तांबारलेले असत. ताजातवाना तो संध्याकाळी असे. पण संध्याकाळी त्याला तिने कधी पाहिलंच नव्हतं.

मग एप्रिलमध्ये तिच्या हातून एक चूक घडली. तिला एक भेट पुढे ढकलायची होती, आणि तिने स्टामातिसच्या घरी फोन लावला. वेळ दुपारची सव्वाचार.

आमच्याकडे दुपारी तीन ते साडेपाच गावात चिटपाखरू हलत नाही. दुकानं बंद, खिडक्यांच्या झडपा बंद. त्या वेळात हातोडा मारणाऱ्याच्या दारात पोलीस उभा राहू शकतो. फोन करणारा माणूस एकतर मेल्याची बातमी देणार असतो, नाहीतर परदेशात वाढलेला असतो.

"कोण गेलं?" एवान्थियाने कुजबुजत विचारलं.

"कोणी नाही. मी मिर्सिनी. स्टामातिस आहेत?"

"या वेळी? अहो बाई, झोपलाय तो. गाढ झोपलाय. तासाभराने करा," असं म्हणून एवान्थियाने फोन ठेवला.

पुढच्या भेटीला मिर्सिनीने कागद पुढ्यात ठेवला. 'दिवसा' या रकान्यात एकवीस वेळा सुबक अक्षरात 'नाही' लिहिलेलं होतं.

"तुम्ही दुपारी झोपता."

"नाही."

"तुमच्या बायकोने सांगितलं."

"ती काहीही सांगते. दुपारी मी पाठ टेकतो."

"किती वेळ?"

"तीनपासून साडेपाचपर्यंत."

"खिडक्या लावून?"

"मग काय उघड्या ठेवून?"

"कपडे?"

"पायजमा." आता त्याला राग येऊ लागला होता. "बाई, झोप रात्रीची असते. दुपारी माणूस आडवा होतो. माझा बाप व्हायचा, त्याचा बाप व्हायचा. त्याला कोणी झोप म्हणत नाही."

"घोरता?"

"बायको म्हणते, घोरतो."

मिर्सिनीला हसू आवरेना, आणि ती हसली हे त्याला फार लागलं. तो उठून उभा राहिला. "अडीच तास रोज दुपारी खाऊन येता," ती हसू पुसत म्हणाली, "आणि रात्री ताटावर बसलं की भूक नाही म्हणून रडता. बसा. माझीच चूक आहे. झोपता का असं विचारलं, पाठ टेकता का असं विचारायला हवं होतं."

तो बसला. तिने त्याला भलतंच विचारलं. "घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवूनच उतरता का हो?"

"छे. ब्रेक तापतात. तापले की लागत नाहीत. गिअर खालचा टाकायचा, गाडी तिच्या चालीने उतरू द्यायची, ब्रेक लागेल तेवढाच."

"आणि रात्री काय करता?"

त्याला उत्तर आलं, पण ते स्वतःशी कबूल करायला त्याला खाल्किदा ते कास्तानोरेमा एवढा रस्ता लागला. तो रात्रभर ब्रेकवर उभा राहायचा. झोपलो नाही तर माणसं मरतील, म्हणून झोप. झोप, झोप, झोप. कोण झोपेल अशाने?

त्या दिवसापासून दुपार बंद झाली, आणि खरे हाल तेव्हा सुरू झाले. रात्री जागणं त्याला सवयीचं होतं. दुपारी जागायचं कसं हे त्याला बावन्न वर्षांत कोणी शिकवलं नव्हतं. वर्कशॉपमधून अडीचला घरी यायचा, घेवड्याचा रस्सा आणि पाव खायचा, आणि गाव डोळ्यांदेखत मिटायचं. एवान्थिया पलंगाकडे जाता जाता म्हणायची, "ये तू, मी कोणाला सांगणार नाही." तो दार लोटून बाहेर पडायचा. कॉफीचं दुकान बंद. झाडाखालची कुत्री झोपलेली. पहिल्या दिवशी त्याने अंगणातली भिंत खरवडायला घेतली, समोरच्या झडपेतून आवाज आला, "स्टामाती, तुझ्या घरी कोणी मेलंय का? नाही ना? मग आमच्या घरी मारू नकोस." दुसऱ्या दिवशी वाळल्या लाकडांचा ढीग इकडचा तिकडे केला, एकेक लाकूड चोरासारखं उचलून. तिसऱ्या दिवशी करण्यासारखं काही उरलंच नाही, तेव्हा तो नुसता चालला. वरच्या आळीपर्यंत, खाली झऱ्यापर्यंत, पुन्हा वर. पापण्या शिशाच्या झालेल्या. ओट्यावर बसलं की मान पडे, म्हणून बसायचं नाही. सगळं गाव त्याला चिडवायला घोरत असल्यासारखं वाटे. आणि सगळ्यांत मोठ्याने घोरायची गारिफल्यामावशी. तिच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आवाज यायचा. दिवसचे दिवस म्हातारी अशी झोपत होती, जणू कुठल्या लांबच्या प्रवासाहून आलीय. बसमध्ये ती हल्ली दिसतच नाही, सुई-दोरा सगळं घेऊन झालं वाटतं, असं एवान्थिया म्हणाली होती. स्टामातिसला तिचा मत्सर वाटला. चांगलाच वाटला.

पाचव्या रात्री तो स्वयंपाकघरात खुर्चीवर बसला होता, साडेबारा व्हायची वाट बघत. डोळे उघडे ठेवणं हेच काम होऊन बसलं होतं. साडेबाराला तो गादीवर गेला, आणि पुढचं त्याला आठवत नाही. गजर झाला तेव्हा तो दचकून उठला, कारण त्याला वाटलं कोणीतरी मेलं.

"झोपलास तू," एवान्थिया पलंगावर उठून बसली होती. तिचे डोळे भरले होते. "मी दोनदा उठून बघितलं, श्वास चालतोय ना म्हणून."

आता सगळं सुरळीत झालं असं म्हणालो तर ती थाप होईल. त्यानंतर दोन रात्री पुन्हा खुर्चीत गेल्या. ईस्टरच्या रविवारी भावाच्या घरी कोकरू खाल्लं आणि दुपारी सोफ्यावर पाठ टेकली. उठला तर अंधार पडलेला, आणि ती सगळी रात्र जागून गेली. मिर्सिनी रागावली नाही. कागदावर लिहून घेतलं, आणि विचारलं, "त्या वाईट रात्रीनंतर दुसऱ्या दिवशी काय झालं?" काहीच झालं नव्हतं. तो थकला होता, चिडला होता, वर्कशॉपमध्ये दोन नट जास्त आवळले होते. एक रात्र गेली म्हणून जग बुडालं नव्हतं. हे कळायला त्याला सगळ्यांत जास्त वेळ लागला. मे महिन्यात तिने गादीची वेळ बारावर आणली, मग साडेअकरावर. पाच तास झाले, साडेपाच, सहा. घड्याळाचं तोंड अजून भिंतीकडेच होतं. आता त्याला ते फिरवायची गरज वाटेना.

"किती दात काढले रे?" कॉफीच्या दुकानात कोणीतरी विचारलं. "दोन महिने जातोयस, तोंडात एखादा उरला असेल तर दाखव."

"दात शाबूत आहेत. झोपेसाठी मानसोपचारवाल्या बाईकडे जात होतो," स्टामातिस म्हणाला. मग कोपऱ्यातल्या माणसाने हळूच विचारलं, "तिचा नंबर आहे का?"

जूनच्या पहिल्या आठवड्यात मिर्सिनीने कागद बघितले, डॉक्टरने तपासलं, पोलिख्रोनिसने स्वतः शेजारी बसून घाटाच्या दोन खेपा करून बघितल्या. मग त्याने किल्ल्या टेबलावर त्याच्याकडे सरकवल्या. "वाटलं तर पुन्हा आणून ठेव," म्हणाला. "त्याची लाज नाही."

पंधरा जूनला स्टामातिस साडेसहाला गाडीत बसला. रात्री सहा तास झोप झाली होती, मध्ये एकदा उठून खुर्चीत बसला होता. पण तिसऱ्या वळणाचा विचार डोक्यात होताच. दार उघडलं आणि पहिली चढली ती गारिफल्यामावशी. पहिल्याच बाकावर बसली आणि त्याच्या तोंडाकडे निरखून बघू लागली.

"किती झोपलास?"

"सहा तास, मावशी. मध्ये एकदा जाग आली होती."

"दुपारी?"

"दुपारी नाही." मग त्याने स्वतःच दुरुस्त केलं. "पाठपण टेकली नाही."

ती मान हलवत राहिली. तिच्या डोळ्यांखाली काळं होतं, ते त्याला आज पहिल्यांदा दिसलं.

"त्या दिवशी दिवा पेटलेला होता," ती हळू म्हणाली, मागच्यांना ऐकू जाणार नाही अशी. "आदल्या संध्याकाळी मीच तेल घातलं होतं. चांगला जळत होता."

स्टामातिसचा हात किल्लीवरच राहिला.

"कोणाला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. रोज रात्री म्हणायचे, उद्या ऑफिसात जाऊन सांगते. मग वाटायचं, तूच सांगशील. म्हणून तोवर गाडीत बसत गेले." तिने काळा रुमाल नीट केला. "माझा तो एकटा होता ट्रकमध्ये. त्याच्या शेजारी बोलायला कोणी नव्हतं."

"मावशी," तो म्हणाला. एवढ्या दिवसांची बकरी, सासू, लग्नातलं मटण. चार फेऱ्या, दुखऱ्या गुडघ्यांनी, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. आणि त्याने तिला भ्रमिष्ट म्हणणाऱ्यांना हसून साथ दिली होती. त्याला इतकी लाज कधी वाटली नव्हती. "आज काय घ्यायला चाललात?"

"काही नाही. तुला बघायला आले," मावशी म्हणाली. "चल आता, उशीर होतोय."

गाडी निघाली. पहिलं वळण गेलं. तो पुढचा प्रश्न यायची वाट बघत होता, 'मग तू काय केलं असतंस, स्टामाती?' प्रश्न आला नाही. दुसऱ्या वळणावर त्याने आरशात पाहिलं. मावशीचं डोकं काचेला टेकलं होतं, तोंड किंचित उघडं, आणि ती झोपली होती.

त्याने गिअर खाली टाकला. गाडी तिच्या चालीने उतरू लागली. मागच्या बाकांवर पोरांचा गोंगाट सुरू झाला होता, शाळा आज संपणार म्हणून कोणी गाणं म्हणत होतं. स्टामातिसने आरशातून त्यांच्याकडे बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं. "हळू. मावशी झोपल्यात."

पोरं गप्प झाली. दुपारची शांतता कास्तानोरेमाच्या गाडीत सकाळी पावणेसातला पहिल्यांदाच पाळली गेली. तिसऱ्या वळणावर देव्हाऱ्यातला दिवा जळत होता. त्याने तो नीट बघितला, आणि गाडी हळूच वळवली, तिचं डोकं काचेवर आपटणार नाही अशी.